युगान्त जवळ आलाय असं मानणाऱ्या घरातले हप्ते, एसआयपी आणि सातबारा: कुठला निर्णय मागे फिरवता येतो?

घाटपायरी (प्रश्न)

वाद श्रद्धेचा नको, पैशाचा बोलू, ही आधीच विनंती.

नाशिकच्या सिंहस्थाच्या (कुंभमेळ्याच्या) तारखा लागल्यात. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. 'कलियुग संपत आलं' हे सांगणारे व्हिडिओ आणि या तारखा यांची कुणी ना कुणी सांगड घालणारच. मला जाणून घ्यायचंय की असं मनापासून मानणाऱ्या माणसाचे रोजचे पैशाचे निर्णय नेमके कुठे वळतात, आणि त्यातलं काय नंतर दुरुस्त होतं.

चर्चेसाठी एक कल्पित घर घेऊ. इंदिरानगरात फ्लॅट, गृहकर्जाची ९ वर्षं बाकी. कर्ता ५० वर्षांचा, सातपूरला कारखान्यात कायम नोकरी. दिंडोरी तालुक्यात भावासोबत सामाईक दीड एकर द्राक्षबाग, वडिलोपार्जित. पीपीएफ २०१८-१९ ला उघडलेलं. ५ लाखांची २० वर्षांची बचत विमा पॉलिसी, १२ वर्षांचे हप्ते भरलेले. एक टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा). महिना ५,००० ची एसआयपी. चौघांचा आरोग्य विमा. मुलगी बारावीत.

कर्ता 'जग बुडणार' असं तोंडाने म्हणत नाही. 'दोन-तीन वर्षांत सगळं उलटंपालटं होणार, कशाला अडकवून ठेवायचं?' एवढंच म्हणतो. अशा घरात आधी काय सांभाळायचं?

---

हिशेबाची_वही

तुमचं शेवटचं वाक्य नेमकं आहे. 'कशाला अडकवून ठेवायचं?' इथूनच सुरुवात होते. प्रलयाच्या भीतीने कुणी एका दिवसात घर विकत नाही. लांबच्या मुदतीचा हप्ता आधी जड वाटायला लागतो, बस.

त्यामागे एक गणित असतं, माणूस ते मांडत नसला तरी. समजा मनात दर वर्षी १० टक्के शक्यता धरली की पुढचं वर्ष येणारच नाही. ७ टक्क्यांच्या एफडीत १०० रुपये टाकले तर वर्षाने १०७ मिळणार, पण मन त्याला ०.९ ने गुणतं आणि ते ९६ वाटतात. म्हणजे व्याज मिळूनही तोटा. पीपीएफच्या १५ वर्षांना हेच लावा. ७.१ टक्क्यांनी १०० चे साधारण २८० होतात, पण ०.९ चा पंधरावा घात ०.२ च्या आसपास, म्हणून मनातली किंमत जेमतेम ५८. एवढ्याशा शंकेने पीपीएफ मूर्खपणा वाटू लागतं. म्हणून या माणसाला व्याजदराचे तक्ते दाखवून काही होत नाही. त्याचं भांडण दराशी नाही, मुदतीशी आहे.

आता तुमच्या यादीकडे. मी क्रम लावतो तो एकाच प्रश्नावर: चूक ठरली तर परत येता येतं का, आणि किती पैशांत?

एसआयपी थांबवणं सगळ्यात कमी धोक्याचं. उद्या पुन्हा सुरू करता येते, दंड म्युच्युअल फंड लावत नाही. (खात्यात पैसे नसल्याने बँकेतून आपोआप कापायचा हप्ता परतला तर मात्र बँक दंड कापते, म्हणून थांबवायची तर रीतसर रद्द करा किंवा 'पॉज' करा, खातं रिकामं ठेवून नव्हे.) किंमत कळावी म्हणून आकडा: वार्षिक १० टक्के परतावा धरला तर १२ वर्षं ५,००० भरून सुमारे १३.८ लाख होतात. पहिली दोन वर्षं चुकवून उरलेली दहा भरली तर सुमारे १०.२ लाख. न भरलेले १ लाख २० हजार, तूट साडेतीन लाखांच्या वर. दुखतं, पण घर बुडत नाही.

जमलेले युनिट विकणं वेगळं. इक्विटी फंडात वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर १२.५ टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. बऱ्याच योजनांत वर्षाच्या आत एक टक्का निर्गम भारही (एक्झिट लोड) लागतो.

पीपीएफ स्वतःच स्वतःला सांभाळतं. २०१८-१९ चं खातं, म्हणजे २०२४-२५ पासून वर्षातून एकदा काढता येतं. रक्कम काढायच्या वर्षाआधीच्या चौथ्या वर्षअखेरीची शिल्लक आणि गेल्या वर्षअखेरीची शिल्लक, यांतली जी कमी तिच्या निम्मी. पूर्ण बंद करायला गंभीर आजार, उच्च शिक्षण किंवा अनिवासी होणं यातलं कारण लागतं आणि व्याज एक टक्क्याने कापलं जातं. 'युग संपतंय' हे कारण अर्जात बसत नाही. अशा माणसाच्या घरात पीपीएफचा हा ताठरपणा वरदान समजा. फक्त वर्षाला किमान ५०० भरत राहा. नाही भरले तर खातं निष्क्रिय होतं आणि चालू करायला दर वर्षामागे ५० रुपये दंड व थकलेले ५०० भरावे लागतात.

बचत विमा: इथे लोक गडबडतात. हप्ता नकोसा झाला की थेट सरेंडर करतात, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे घेतात. १२ हप्ते भरलेत, तर 'पेड-अप' करण्याचा मार्ग आहे. विमा रक्कम हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते, ५ लाखांचे १२/२० म्हणजे ३ लाख, आणि तोवर जमलेला बोनस कायम राहतो. पुढचे हप्ते बंद, पॉलिसी जिवंत. पैशाची निकडच असेल तर पॉलिसीवर कर्ज. सरेंडर शेवटी. बंद पडलेली पॉलिसी पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत पुनरुज्जीवित करता येते, थकबाकी, व्याज आणि तब्येतीचं घोषणापत्र देऊन.

टर्म विमा सोडला की गेला. पन्नाशीत नवा घ्यायचा तर वयाचा दर लागतो, तपासण्या लागतात आणि मध्ये साखर-रक्तदाब निघाला तर कंपनी नाकारूही शकते. गंमत बघा, जगाचा अंत होईल असं वाटणारा माणूस स्वतःचा मृत्यू मात्र विसरतो. सगळं जग बुडालं तर विम्याचा प्रश्नच नाही. एकट्याचा अपघात द्वारका चौकात झाला तर मात्र आहे.

आरोग्य विमा ही माझ्या यादीत सगळ्यात वरची ओळ. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला हप्ता भरायला ३० दिवसांची जादा मुदत असते, त्यात भरलं तर आधी जमा झालेला प्रतीक्षा काळ टिकतो. पण त्या मधल्या दिवसांत दवाखाना झाला तर दावा नाही. ३० दिवस उलटले की नव्याने सुरुवात. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि ६० महिने सलग भरल्यावर कंपनीला जुनी माहिती लपवल्याचा मुद्दा, फसवणूक वगळता, काढता येत नाही, ते संरक्षणही शून्यावर येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा-आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे 'महाग पडतो' हे कारण जरा हलकं झालंय.

गृहकर्ज. ९० दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक (एनपीए). मग सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, पुढे ताबा. पण त्याच्या खूप आधी सिबिल गुण घसरतात आणि पहिला फटका मुलीला बसतो. शैक्षणिक कर्जात आई-वडील सहकर्जदार असतात. बारावीतल्या मुलीचा बाप आज ईएमआय चुकवत असेल तर पुढच्या जूनमध्ये बँकेत काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आणि उलटी चूक: 'फेडायची वेळच येणार नाही' म्हणून कर्ज काढणं. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरत राहिलं तर उरलेल्या रकमेवर महिना ३ ते ३.७५ टक्के लागतात. पतसंस्थेचं कर्ज असेल तर जामीनदार दोन शेजारी किंवा सहकारी असतात. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की त्यांच्या पगारालाही हात लागतो. भविष्यवाणी एकाची, कापणी तिघांच्या पगारात.

---

खरडछाटणी

बागेबद्दल वर काहीच आलं नाही, म्हणून लिहितो. बँकेतले बरेच निर्णय फिरवता येतात, वेलीवरचे नाही.

द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरची, फळासाठीची गोडी बहार छाटणी (बागलाणात आगाप बाग त्याही आधी). ज्याला 'पुढच्या साली कोण जगतंय' असं वाटतं तो खर्च कुठला कापतो? खरड छाटणीचा. कारण त्या खर्चातून त्या वेळी एक मणी दिसत नाही. मजुरी जाते, पाणी जातं, औषध जातं, ऐन उन्हाळ्यात.

पण पुढच्या मालाचा घड तिथेच ठरतो. खरड छाटणीत काड्या एक-दोन डोळ्यांवर आणतात. नव्या फुटीवर सबकेन (शेंडा खुडून घेतलेली उपकाडी) घेऊन काडी तयार करतात. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या काळात उन्हाचा प्रकाश काडीवर पडायला हवा, म्हणून विरळणी. हे नाही केलं तर ऑक्टोबरात छाटणी कितीही नीट करा, डोळा फुटतो आणि नुसती बाळी (वेलीचा तणावा) निघते, घड नाही. शिवाय जुनी काडी राहिल्याने ओलांड्यावरचे (मांडवावरच्या आडव्या खोडावरचे) डोळे आंधळे होत जातात आणि बाग एका सालाऐवजी दोन-तीन सालं मागे जाते.

म्हणजे 'एक वर्ष खर्च थांबवू, काय होतंय ते बघू' हे बागेत चालत नाही. दोनच पर्याय. बाग भावाकडे किंवा दुसऱ्याकडे वाट्याने लेखी देऊन टाका, अवधी किमान एक पूर्ण चक्र, एप्रिल ते एप्रिल. नाहीतर काढायचीच असेल तर छाटणीआधी काढा, खर्च करून नव्हे. चांगली बाग १२ ते १५ वर्षं चालते. मांडव, अँगल, तार, डॉगरिज खुंटावरची कलमं, हा सगळा पैसा पहिल्या दोन वर्षांत जातो. पाचव्या-सहाव्या वर्षाची बाग तोडणं म्हणजे आंबा लावून मोहोर आल्यावर झाड पाडणं.

पीक कर्ज असेल तर ते वेळेत फेडा एवढंच म्हणतो. ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर राज्याच्या सवलतीने व्याज शून्य पडतं. एक दिवस चुकला की ती सवलत गेली.

---

सातबारा_उतारा

जमिनीच्या कागदांविषयी. सगळ्यात कडक सावधगिरी इथेच, कारण निबंधकापुढे अंगठा उठला की बहुतेक वाटा बंद.

स्थावराचं दान बक्षीसपत्रानेच होतं, नोंदणी आणि दोन साक्षीदार लागतात. एकदा नोंदलं आणि स्वीकारलं की देणाऱ्याला 'मन बदललं' म्हणून ते फिरवता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ ने दोनच फटी ठेवल्यात: दोघांनी आधीच मान्य केलेली, देणाऱ्याच्या नुसत्या मर्जीवर न चालणारी अट घडली तर, किंवा करार ज्या कारणांनी रद्द होतो, जसं फसवणूक किंवा अनुचित प्रभाव, ती सिद्ध झाली तर. अनुचित प्रभावाचं जुनं उदाहरण १८९० चं, अलाहाबाद उच्च न्यायालयातलं मन्नू सिंग विरुद्ध उमादत्त पांडे. परलोकात आत्म्याचं कल्याण होईल म्हणून एका म्हाताऱ्याने सगळी मालमत्ता गुरूच्या नावे केली होती, ते दान न्यायालयाने रद्द केलं. पण दाव्याची मुदत तीन वर्षं, कारण कळल्यापासून. 'तारीख उलटू दे, मग बघू' म्हणणारे इथे अडकतात.

तुमच्या उदाहरणात बाग सामाईक आणि वडिलोपार्जित आहे. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याचं बक्षीसपत्र इतर सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय टिकत नाही. विचित्र वाटेल, पण आपल्याकडे जुन्या मुंबई प्रांताच्या प्रथेने तोच हिस्सा मोबदला घेऊन विकता येतो, आणि मृत्युपत्राने देताही येतो. म्हणून भावाने लक्ष ठेवायचं ते बक्षीसपत्रापेक्षा विक्री आणि हक्कसोडपत्रावर. घ्यायला बिगरशेतकरी येत असेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आड येतं, परवानगीशिवाय शेतजमीन त्याच्या नावे होत नाही. संस्था-न्यासालाही हे लागतं, 'देवाच्या नावाने आहे' म्हणून सूट धरू नये.

घाईच्या विक्रीत आणखी एक बाब सुटते. शेतजमीन विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो की नाही हे अंतरावर ठरतं. नाशिक महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजारांच्या पुढे होती, म्हणजे दहा लाखांच्या वर, त्यामुळे हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतली शेतजमीन करपात्र. अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नाही.

दान करायचंच असेल, खरोखर मनापासून, तर मृत्युपत्रात लिहा. नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात, हवं तेव्हा बदलता येतं. जग राहिलं तर जमीन हातात, नाही राहिलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. आणि 'नाही, आत्ताच नावावर करा' असा आग्रह समोरून होत असेल तर एकच प्रश्न विचारावा: दोन वर्षांत सगळं संपणार आहे, तर महाराजांना सातबाऱ्यावर नाव कशाला हवंय?

रोख देणगीबाबत: धर्मादाय आयुक्त कार्यालयात न्यास नोंदलेला आहे का ते पाहता येतं. करवजावट हवी तर २,००० च्या वर रोख चालत नाही आणि नव्या करप्रणालीत ती वजावटच नाही.

---

काळाची_फेरी

हिशेबाची_वही यांचं गणित बरोबर आहे, पण ते अर्धंच. ०.९ ने गुणताना त्यांनी जग न राहण्याच्या फांदीत, म्हणजे त्या शक्यतेत, पैशाची किंमत शून्य धरली, ठीक. पण त्या फांदीत मोडलेल्या एफडीतून आणलेल्या सोन्याचीही किंमत शून्यच, आणि मठाला दिलेल्या जमिनीचीही. दोन्ही निर्णयांत जे शून्य आहे ते वजाबाकीत उडून जातं. फरक पडतो तो जग चालू राहिलं त्या फांदीत. एक अपवाद: अंताच्या आधी उपभोगलेला पैसा. मुलीला घेऊन काश्मीर बघून आलात तर ते खरोखर मिळालं. त्यामुळे या श्रद्धेच्या माणसाने थोडं सढळ हाताने खर्चणं मला अजिबात अडचणीचं वाटत नाही. विम्याचा हप्ता मोडून ते करणं वाटतं.

दुसरं, तारीख असलेली श्रद्धा आणि तारीख नसलेली श्रद्धा या वेगळ्या गोष्टी आहेत. पंचांगात कलियुग ४,३२,००० वर्षांचं. शके १९४८ ला त्यातली ५,१२७ झाली, उरली ४,२६,८७३. हे मानणारा माणूस निवांत द्राक्षं लावतो. पैशाचं नुकसान होतं ते कुणीतरी दोन-तीन वर्षांत मोडणारा आकडा सांगितला की.

तारीख माणसाला काय करते हे एकदा मोजलंही गेलंय. अमेरिकेत हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओ प्रवचनकाराने २१ मे २०११ सांगितली होती. त्याआधी काही अर्थशास्त्रज्ञांनी त्याच्या अनुयायांना विचारलं: आत्ता ५ डॉलर की चार आठवड्यांनी ५०० पर्यंत? चार आठवड्यांत ती तारीख उलटून जाणार होती. जवळजवळ सगळ्यांनी ५ डॉलर घेतले. दुसऱ्या एका पंथाचे लोक, जे 'अंत येणार, पण तारीख ठाऊक नाही' असं मानतात, त्यांनी थांबणं पसंत केलं. नमुना लहान होता, पण फरक बघा. न्यूयॉर्कच्या एका निवृत्त वाहतूक कर्मचाऱ्याने त्याच तारखेच्या जाहिरातींवर सुमारे १,४०,००० डॉलरची आयुष्याची पुंजी लावली. २१ मे गेली, कॅम्पिंगने २१ ऑक्टोबर सांगितली. त्याने १९९४ चीही एक सांगून झाली होती.

आपल्याकडे ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही, म्हणजे मकर राशीत आठ ग्रह एकत्र. यज्ञ झाले, भीती पसरली, सहा तारखेला लोक कामावर गेले. जुलै १९७९ ला स्कायलॅब ही अमेरिकी अंतराळप्रयोगशाळा कोसळण्याची भीती. डिसेंबर २०१२ ला माया पंचांगाची.

आणि ज्या परंपरांनी अंत सांगितलाय त्यांनी हातातलं काम सोडा असं कुठे सांगितलंय? शरणपूरच्या चर्चमधल्या कुणाला विचारा, प्रभू येणारच म्हणून काम टाकून बसलेल्यांना पौलाने थेस्सलनीकाकरांच्या पत्रात झापलंय. इस्लामी परंपरेत कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल तर ते लावूनच टाका असं सांगितलंय. आपल्याकडेही धन जोडताना मरणच नाही असं धरायचं आणि धर्म करताना मृत्यूने केस धरलेत असं. या माणसाशी बोलायचं तर त्याच्याच परंपरेतून बोला. 'व्हिडिओ खोटा आहे' म्हणालात की तो दुसरा पाठवेल.

---

कोठीघर

सगळे दान-जमिनीवर बोलताहेत. प्रत्यक्षात जास्त घरांत जाणारा पैसा साठवणीवर जातो: सोनं, रोकड, धान्य. त्याचं थोडं.

सोनं 'वेळेला उपयोगी' म्हणून घेताना दागिना घेऊ नये. १ लाखाचं सोनं, १२ टक्के मजुरी, वर ३ टक्के जीएसटी, दुकानातून बाहेर पडताना १,१५,३६० दिले. त्याच दिवशी मोडीला नेलं तर मजुरी आणि कर परत येत नाही, वर घट धरतात. तेरा टक्के तिथल्या तिथे गेले. नाणं किंवा वेढणी घेतली तर मजुरी कमी. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक (एचयूआयडी) तपासा, सराफ बाजारातलं पिढ्यानपिढ्यांचं दुकान असलं तरी. एका व्यवहारात २ लाख किंवा वर रोख दुकानदाराला घेताच येत नाही, त्यामुळे 'रोख आणा, पावती नको' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पावतीशिवायचं सोनं मोडताना भाव पडतो आणि चोरीला गेलं तर फिर्यादीत सांगायला काही नाही.

रोकड: घरखर्चाचा एक महिना पुरे. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजार गेले, १९ मे २०२३ ला दोन हजाराची नोट परत घ्यायचं जाहीर झालं. डब्यातली नोट सात वर्षांत दोनदा बँकेच्या दारात नेऊन उभं करते. बँक बुडेल ही भीती असेल तर प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत, व्याजासह, ठेव विमा आहे. रक्कम दोन बँकांत विभागा, गादीखाली नको.

धान्य: घाबरून आणलेलं धान्य खाण्याआधी किड्यांना मिळतं. चौघांना महिन्याला तृणधान्य साधारण ४० किलो धरा, तीन महिन्यांचं १२० किलो, त्यावर नको. चूक कुठे होते? पीठ साठवतात. बाजरीचं पीठ आठवडाभरात कडवट होतं, धान्य वर्षभर राहतं. गहू उन्हात खडखडीत वाळवून, थंड झाल्यावर पत्र्याच्या कोठीत, कडुनिंबाचा पाला घालून. गरम असतानाच भरला तर आत घाम धरतो आणि बुरशी येते, बहुतेक कोठ्या इथेच बिघडतात. डाळ-तांदळाला एरंडेलाचा हात. जुनं आधी काढायचं, नवं मागे सरकवायचं. ही वर्षाची भरणी आपल्या आज्या करतच होत्या, त्याला प्रलय लागत नव्हता. फक्त फ्लॅटमध्ये डिझेलचे कॅन आणि जादा सिलिंडर रचू नका. त्याने तुमचा आणि शेजाऱ्यांचा युगान्त खरंच जवळ येईल.

---

घाटपायरी

भरपूर मिळालं. दोन शंका. एक, घरातल्यांनी कर्त्याला न दुखावता अडसर कसे घालायचे? दोन, हा आजार असू शकतो का?

---

हिशेबाची_वही

अडसर त्याच्या संमतीनेच. कायद्याने त्याचा पैसा त्याचा, बायको बँकेत जाऊन थांबवू शकत नाही. पण त्याला 'तुमचं खरं ठरलं तर या गोष्टींनी काही बिघडणार नाही' हे पटलं तर तो सही करतो. मोठ्या ठेवी संयुक्त करून 'दोघांच्या सहीने' अशी सूचना द्या, 'दोघांपैकी कुणीही' ही नव्हे. नव्या ठेवी ऑनलाइन मोडता येणार नाहीत अशा निवडा, पाच वर्षांची करबचत एफडी आपोआप तशी असते. यूपीआयची रोजची मर्यादा ॲपमध्ये किंवा बँकेत खाली आणा. आरोग्य आणि टर्म विम्याचा हप्ता बायकोच्या खात्यातून जाऊ द्या, मॅंडेट तिकडे हलवा. नामनिर्देशन तपासा, नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यात चार जणांपर्यंत नावं देता येतात. आणि ५०,००० च्या वरचा कुठलाही निर्णय तीस दिवस वहीत लिहून ठेवायचा, मग करायचा. दानासाठी वर्षाचा ठरीव आकडा द्या, उत्पन्नाच्या पाच टक्के म्हणा, आणि त्यात त्याला कुणी विचारू नये. सगळंच अडवलं तर तो लपून देईल.

मुलीची पहिल्या वर्षाची फी आत्ताच वेगळ्या एफडीत, तिच्या नावे, मुदत पुढच्या जूनपर्यंत. ती अठराची झाली असेल तर ठेव तिच्याच सहीने मोडेल.

---

काळाची_फेरी

आजाराचं: युगान्त मानणं हा आजार नाही, कोट्यवधी लोक मानतात आणि वेळेवर हप्ते भरतात. झोप उडालीय, कानात आदेश ऐकू येतात, आपल्यालाच खास निवडलंय असं वाटतं, दोन-तीन आठवड्यांत स्वभावच बदलून खर्च भरमसाट सुटलाय, असं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात.

अजून एक. तारीख गेल्यावरचा दिवस आधी ठरवून ठेवा. त्या दिवशी कुणी 'बघ, सांगितलं होतं ना' म्हणायचं नाही. माणसाला परत यायला दार लागतं. नाहीतर तो पुढची तारीख धरतो, आणि दुसऱ्या तारखेला आणखी पैसा जातो.

---

खरडछाटणी

भावाच्या बाबतीत एक राहिलं. वाट्याचा कागद करताना छाटणीचा खर्च कुणाचा आणि माल कुणाचा, हे दोन्ही वेगवेगळं लिहा. 'निम्मं-निम्मं' एवढंच लिहिलं तर एप्रिलमध्ये एक जण खर्चातून अंग काढतो आणि मार्चमध्ये दोघंही व्यापाऱ्याच्या गाडीजवळ उभे असतात.

---

घाटपायरी

लिहून घेतलं. आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची तारीख आधी बघायला सांगतो.